हालगटांच्या काकू

काकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी गोठ्यात जायच्या. घरातली माणसं "या, बसा" म्हणत ओट्यावर सतरंजी टाकायची आणि तोवर काकू मागच्या दारानं म्हशीपाशी पोचलेल्या असायच्या. तिथं रेडकू बांधलेलं असलं की त्याच्या तोंडात दोन बोटं घालायच्या. भरल्या पोटाचं रेडकू बोटं नुसती चघळतं आणि सोडून देतं. उपाशी रेडकू अशी ओढतं की सुटता सुटत नाहीत. पदराला बोटं पुसत काकू पुढं यायच्या. रेडकाचं पोट भरलेलं असलं तर चहा घ्यायच्या, नसलं तर "आज न्हाय" म्हणून उभ्याउभ्याच निघायच्या. त्यामुळं काकू लांबून येताना दिसल्या की गावातल्या बायका घाईघाईनं रेडकू सोडून म्हशीला लावायच्या. हे काकूंना चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच त्या जवळची बोळ सोडून, सगळ्यांना दिसेल अशा मोठ्या रस्त्यानं चालत यायच्या.

मी मूळचा जळकोटचा. वाशी या तालुक्याच्या ठिकाणापासून थोड्या अंतरावरच्या काकूंच्या गावात एका खाजगी डेअरीच्या संकलन केंद्रावर माझी नेमणूक झाली होती. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, फॅट लावायचं म्हणजे त्यातला स्निग्धांश तपासायचा आणि टँकर आला की लावून द्यायचं, एवढंच काम. राहायला काकूंच्या घरची रस्त्याकडची खोली मिळाली. काकूंनी भाडं सांगायच्या आधी विचारलं, "कुठलं गाव?" मी सांगितलं. त्या दिवसापासून मी जळकोटकर झालो. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे. माणसाला त्याच्या गावावरून हाक मारायची ही त्यांची रीतच होती. म्हशींनाही तीच. बाजारातून ज्या गावची म्हणून आणलेली, ते तिचं नाव. ईटकरीण, पारगावकरीण, येरमाळकरीण. पारगावकरीण लाथाडी होती. तिची धार काढताना काकू तिच्या माहेरचा उद्धार करायच्या, आणि पारगावच्या एखाद्या पाहुण्याच्या कानावर ते पडलं की त्याला उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

साठी ओलांडलेली बाई. अंगानं काटक. इरकली लुगडं, पायात पुरुषी वहाणा, गळ्यात तुळशीची माळ. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी लातूरला दिलेली. ओढ्याकाठी चांगली जमीन होती, विहीर होती. त्या जमिनीत गावातले लोक ऊस लावायचा सल्ला देत, आणि काकू तिथं कडवळ, घास असा हिरवा चारा आणि बांधावर शेवरी लावत. "उसाला दिसरात पाणी पाजायचं आन जित्राबाला वाळला कडबा टाकायचा, ही कोणची शेती?" असं त्यांचं उत्तर असायचं.

गावात खव्याची भट्टी होती. अंकुश नावाच्या, पंचेचाळिशीच्या शेजाऱ्याची. तो नात्यानं काकूंचा पुतण्या लागायचा. भट्टीला दूध घातलं तर डेअरीपेक्षा बरा भाव मिळे, तरी काकू तिथं थेंब घालत नसत. भट्टीला जळण म्हणून ओढ्याच्या बाभळी एकेक करून तुटल्या होत्या. "त्या बाभळीखाली माझी म्हस बसायची," काकू म्हणायच्या. "ती जाळून तिच्यावर त्याच म्हशीचं दूध आटवायचं, हे माझ्या डोक्यात बसत न्हाय." अंकुश हसून सोडून द्यायचा. एकदा त्याच्या घरी म्हैस व्याली, तेव्हा त्याच्या बायकोनं रीतीप्रमाणं वाटीभर खरवस पाठवला. काकूंनी वाटीवरचं झाकण काढलं, पाहिलं, पुन्हा झाकलं आणि आणणाऱ्या मुलीच्या हातात वाटी परत दिली. "आईला म्हणावं, ह्यो ज्येचा हाय त्येला पोटभर मिळाला का बग आधी."

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण दूध पिणाऱ्या पुष्कळांना ती ठाऊक नसते. मला केंद्रावर येईपर्यंत नीट ठाऊक नव्हती. म्हशीला मादी रेडकू झालं तर ती वगार, उद्याची म्हैस, म्हणून तिला दूध पाजतात. नर झाला तर तो हालगट. पूर्वी तो वाढून हल्या झाला की पाणी वाहायचा, चिखलात औत ओढायचा. आता त्या कामाला ट्रॅक्टर आहे. मग हालगटानं प्यालेलं दूध वायाच गेलं असं वाटतं. कुणी त्याला मारत नाही. त्याला फक्त पाजत नाहीत. आज एक सड, उद्या अर्धा, परवा नुसतं म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून तोंड लावायचं आणि ओढून बाजूला बांधायचं. पंधरा-वीस दिवसांत ते आपोआप मरतं. घरातले म्हणतात, हगवण लागली. पुढं म्हैस पान्हवेनाशी झाली तर त्याच कातड्यात पेंढा भरून तिच्यासमोर ठेवतात. ती त्याला चाटते आणि दूध देते.

काकूंना हे सहन होत नसे, पण दुधाबद्दल त्या हळव्याही नव्हत्या. एकदा त्यांना मी सहज म्हणालो, "काकू, दूध म्हणजे शेवटी देवाची देणगी." त्या धार काढत होत्या. चरवीतून मान वर न करता म्हणाल्या, "कसली देणगी, जळकोटकर. चोरी हाय ही. लेकराच्या तोंडचं काढायलाव आपण. पण चोरी करायची तर ज्येच्या घरात करायची त्येला उपाशी तरी ठिवू ने." त्यांच्या गोठ्यात चारातले दोन सड रेडकाचे. मग ते वगार असो की हालगट.

अंकुशच्या गोठ्यातला हालगट काकूंना सापडला तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला. मी दुधाचे कॅन मागायला तिथं गेलो होतो म्हणून मला तो प्रसंग दिसला. काकू नेहमीप्रमाणं मागच्या दारानं आत गेल्या. कोपऱ्यात, आईला दिसणार नाही अशा जागी, बरगड्या निघालेलं रेडकू बसलं होतं. काकूंनी बोटं घातली. त्यानं ओढलीच नाहीत. तेवढी ताकद राहिली नव्हती.

"अंकुश, हे पाजायचं न्हाय ना तुला?" काकूंनी विचारलं.

"पितंच न्हाय ओ काकू ते. आजारी हाय."

"मग मला दे."

"न्या की. तुमाला हौसच हाय."

काकूंनी ते उचललं. साठीतल्या बाईनं रेडकू छातीशी धरून भर रस्त्यानं नेलं, आणि पारगावकरणीनं लाथा झाडल्या तरी तिच्याखाली लावलं. ते जगलं. काकूंनी त्याचं नाव ठेवलं अंकुशराव.

झालं, त्या नावानं गावात बखेडा झाला. काकू ओढ्याकाठी उभ्या राहून खणखणीत हाक द्यायच्या, "अंकुशराव, किती खाताल, चला आता." पारावर बसलेली माणसं फिदीफिदी हसायची. अंकुश एकदा तणतणत आला. "काकू, तुमी हालगटाला माझं नाव दिलं?" काकू शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या घरचं हाय. दुसऱ्या कुणाचं देऊ? आन तुला मी कधी अंकुशराव म्हणते का? त्येला राव लावलाय."

ही बातमी पसरली तशी लोकांना सोयीची वाट सापडली. नको असलेला हालगट काकूंच्या फाटकाशी आणून बांधायचा आणि निघून जायचं. काकू सगळ्यांना घ्यायच्या आणि ज्याच्या घरून आला त्याचं नाव ठेवायच्या. कोण बांधून गेलं हे त्यांना बरोबर कळायचं, त्यामुळं सरपंचांपासून पोस्टमनपर्यंत अर्धं गाव त्यांच्या रानात चरताना दिसे. गावानं हसूनच का होईना, त्यांना पुण्यवान ठरवलं. बायकांच्या भजनी मंडळात त्यांना पुढं बसवत, भंडाऱ्याच्या आमटीला त्यांचाच हात लागे. गोरगरीब जिवांची माय, असंही कुणीतरी म्हटलं. काकूंना ते आवडलं नाही. "माय कशाची? अजून पुढचं कुठं बगितलंय तुमी," असं त्या पुटपुटल्या. मला तेव्हा अर्थ लागला नाही.

दोन उन्हाळे गेले. अंकुशराव आणि त्याच्याबरोबरचे चांगले थोराड, चकचकीत झाले. एका सकाळी काकूंच्या दारात टेम्पो उभा राहिला. टेम्पोबरोबर एक वयस्कर व्यापारी होते, गोरे, मेंदी लावलेल्या दाढीचे. सगळा बाजार त्यांना मामू म्हणे. ते जनावरं घेऊन शहराबाहेरच्या कत्तलखान्यात घालत. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला काकूंनी आधीच घेऊन ठेवला होता. त्यांनी टेम्पो गोठ्यामागं लावू दिला नाही. भर रस्त्यावर, पारासमोर उभा करायला लावला.

तासाभरात पारावर माणसं जमली. अंकुश सगळ्यात पुढं.

"काकू, गळ्यात माळ हाय तुमच्या," तो म्हणाला.

"हाय की."

"आन कसायाला जित्राब देता?"

"देते. दाखला घिऊन, दिवसाढवळ्या देते."

"लोक पुण्याचं काम म्हणून तुमाला हालगटं देत हुते."

"लोक नकं म्हणून देत हुते," काकू म्हणाल्या. "पुण्याचं नाव तुमी दिलं, मी न्हाय."

एक म्हातारे गृहस्थ मधे पडले. ते समजुतीनं म्हणाले, "बाई, एवढं पोसलं, तर मरंपतूर पोसायचं. देवानं तुमाला कमी दिलंय का?"

काकू आवाज न चढवता म्हणाल्या, "मला वाटतं की पोसावं. पण हिरीला तेवढं पाणी न्हाय, रानात तेवढा चारा न्हाय, आन गायरान तर तुमी-आमी मिळून कधीच खाऊन टाकलंय. ह्येंना ठिवलं तर फुडच्या उन्हाळ्यात जी येतील त्येंना फाटकातनंच परत लावावं लागंल. ज्येला मरंपतूर पोसायचं त्येनं दावं घिऊन यावं. आत्ता हातात दिते. टेम्पो मोकळा परत जाईल, मामूंची मी माफी मागंल."

कुणी हललं नाही. काकूंनी प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहिलं, घाई न करता.

"आपल्याला दूध पायजे, खवा पायजे," त्या म्हणाल्या. "म्हस व्येणार तवा निम्मी हालगटंच हुणार. ती कुठं जातेत हे कुणी इचारत न्हाय. तुमच्या हाताला रगत लागत न्हाय, कारण तुमी नुसतं पाजायचं इसरता. मी बरोबर हाय असं म्हणत न्हाय, अंकुश. मी लपवत न्हाय, एवढंच."

त्या टेम्पोच्या पुढच्या सीटवर चढून बसल्या. मामू म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला येता? भरोसा नाही का माझ्यावर?" काकू म्हणाल्या, "तुमच्यावर हाय. रस्त्यावर न्हाय." मग मला हाक मारली, "जळकोटकर, चला. बादल्या घ्या."

बादल्या पाण्यासाठी होत्या. वाटेत त्यांनी टेम्पो थांबवायला लावून प्रत्येकाला पाणी पाजलं. मामूंनी एरवी दुप्पट जनावरं भरली असती. काकूंनी तेवढी भरू दिली नाहीत, भाव कमी झाला तरी चालेल म्हणाल्या.

कत्तलखान्याच्या फाटकाशी उतरायला फळी लावली. बाकीचे उतरले. अंकुशराव फळीशी येऊन थांबला. खाली ओला सिमेंटचा उतार होता, त्याला तो नवा होता. माणसांनी ओढलं, मागून ढकललं, तो पाय रोवून उभा. एकानं काठी उचलली.

"काठी नकं," काकू म्हणाल्या. त्या फळीच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि ओढ्याकाठी मारायच्या तशीच, फक्त हळू, हाक मारली. "अंकुशराव, या."

तो लगेच खाली आला. येऊन त्यांच्या पदराशी तोंड घातलं. काकूंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि दावं समोरच्या माणसाच्या हातात दिलं.

परतीच्या वाटेवर त्या फक्त एकदा बोलल्या. "माझ्या हाकंनं आला त्यो," त्या म्हणाल्या. "हे मलाच वागवायचं हाय. कुणाला देता येत न्हाय." खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. मला त्यांचा चेहरा दिसला नाही. घरी आल्यावर कुणीतरी निरोप पाठवला होता की, अंघोळ करून, गोमूत्र शिंपडून मगच घरात जा. काकू तशाच गोठ्यात गेल्या आणि उरलेल्यांना वैरण टाकली. त्यांचं म्हणणं, जित्राबं भुकेली आहेत, शिंपडाशिंपडीला फुरसत कुणाला?

त्यानंतरचे दिवस काकूंना जड गेले. त्यांनी तसं दाखवलं नाही, पण मी त्याच घरात राहत होतो. लोक त्यांना कसाबीण म्हणू लागले, आधी पाठीमागं आणि मग पुरेसं मोठ्यानं. भजनी मंडळानं निरोप धाडला की सध्या येऊ नका. काकूंनी मग घरीच भजन सुरू केलं. एकट्या, टाळ घेऊन, दुपारी. त्यांच्या गळ्यात सूर अजिबात नव्हता, हे मंडळात दहा जणींच्या आवाजात झाकलं जात होतं. आता ते उघड्यावर आलं. माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. म्हशी मात्र रवंथ करत निवांत ऐकायच्या. मुलाचा पुण्याहून फोन आला, "आई, लोक काय म्हणतील?" काकू म्हणाल्या, "लोक तुला पुण्याला फोन करतेत व्हय? मग त्येंना म्हणावं, आईला करा. ती इथंच हाय."

केंद्रावर चार-पाच जण आले आणि म्हणाले, काकूंचं दूध आमच्या दुधात मिसळायचं नाही. मी म्हटलं, टँकरमध्ये सगळ्या तालुक्याचं दूध एकत्र होतं. त्यातून कुणाची माळ आणि कुणाचा टेम्पो वेगळा काढायचं यंत्र कंपनीनं मला दिलेलं नाही. त्यातले काही दुसऱ्या डेअरीला गेले. तिथं फॅट कमी लागतंय म्हणत महिन्याभरात परत आले.

या सगळ्यात फाटकाशी हालगट बांधून जाणं मात्र कुणी थांबवलं नव्हतं. काकूंनीही घेणं थांबवलं नाही. पण हळूहळू ते आपोआप कमी होत गेलं. मला वाटलं, लोक पुन्हा जुन्या वाटेला लागले. मी काकूंना तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "बोटं घालून बगितली मी. भरलेली हायत पोटं." पारासमोर उभ्या राहिलेल्या त्या टेम्पोकडं गावानं शिव्या देतादेताच पाहिलं होतं, आणि थोराड हालगटाला काय किंमत येते हेही त्याच वेळी पाहिलं होतं. आता हालगटानं प्यालेलं दूध वाया जात नव्हतं. ज्या हिशेबानं रेडकं मरत होती, त्याच हिशेबानं ती पोसली जाऊ लागली.

मला ते जरा कडवट वाटलं. मी म्हणालो, "म्हणजे दया नाही आली, काकू. लोभच आला."

"येऊ द्या की," त्या घास कापताकापता म्हणाल्या. "रेडकाला काय कळतं दूध लोभाचं हाय का दयेचं? त्येच्या पोटात गेलं ना? बाकीचं ज्येचं त्येला नंतर कळतं."

माझी बदली व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. काकू ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या आणि मी शेजारी चहा घेत होतो. अंकुश आला. टेम्पोच्या त्या दिवसानंतर तो या ओट्यावर चढला नव्हता. आजही खालीच उभा राहिला. त्यानं गोठ्यात एक हालगट पोसला होता, सगळ्या गावाला माहीत होतं. भट्टीवरच्या कढईची खरवड त्यालाच चाटायला द्यायचा म्हणे.

"काकू," तो म्हणाला, "मामूंचा टेम्पो आलाय."

"आला असंल."

"तुमी जाता का संगं? तुमाला... तुमाला सवय हाय."

काकूंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता त्या जुनं सगळं उगाळणार. तसं काही झालं नाही. "सवय न्हाय हुत, अंकुश," त्या म्हणाल्या. "मी न्हाय जाणार. तू जा. बादली घिऊन जा, वाटंत पाणी पाज. आन उतरताना कुणाला काठी लावू दिऊ नगंस. तू हाक मार."

तो गेला. काकूंनी पुन्हा शेंगा घेतल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. टरफलं आणि दाणे एकाच सुपात पडत होते.

दुपार कलल्यावर अंकुश परत आला. आधी स्वतःच्या घरी गेला नाही, सरळ इकडंच आला. या वेळी ओट्यावर चढला आणि भिंतीला टेकून बसला. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं तो हातात धरून ठेवला, प्यायला नाही.

"काकू," तो म्हणाला, "ते आत जाताना मागं वळून माझ्याकडं बगत हुतं."

काकू त्याच्याजवळ सरकून बसल्या.

"बगणारच," त्या म्हणाल्या. "तू पाजलंयस त्येला."